पाच शब्द

पेन, मांजर, किल्ली, रविवार,
आणि अजून एक.
डॉक्टर खैरनार शब्द सांगतात, मग मुद्दाम
पुतण्याच्या लग्नाचं विचारतात,
मला ते मुठीत धरून बसता येऊ नयेत म्हणून.
आडगावचा दवाखाना, दुसरा मजला.
खिडकीखाली आग्रा रोड, कांद्याचे ट्रक
नाकाशी नाक लावून उभे.

चोवीस वर्षं मी गंगापूरच्या बाजूला
एका वायनरीत चव बघायचो.
घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा.
लोक म्हणायचे, काय नशीब आहे लेकाचं!
पण पगार मला थुंकायचा होता.
आणि एका फेब्रुवारीत, माल फार गोड उतरला होता त्या साली,
मी थुंकलो नाही.
बस, एवढंच. यात गोष्ट नाही.
गोष्ट त्यानंतरची. ती कुमुदला विचारा,
मला सगळी आठवत नाही.

आधी शब्द गेले.
एकेकाळी एका घोटात सापडायचं मला
ओली पाटी, कच्चा पेरू,
आजाऱ्याच्या खोलीत सोललेलं संत्रं.
पुढे प्रत्येक ग्लासात एकच चव उरली:
अजून.

डॉक्टर पाठकोऱ्या कागदावर दोन पेशी काढतात,
मध्ये एक बारीक फट.
निरोप इकडून तिकडे जातो, हे शाळेत कळलं होतं.
पण म्हणे एक रेणू उलटा येतो,
ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडे.
पंगतीत ताटावर आडवा हात धरतात ना,
वाढपी जिलबी घेऊन उभा असताना,
तसा.
पुरे. पोचलं.
नाव ठेवणाऱ्यांनी त्याला आपलाच शब्द दिला, आनंद,
मागे रसायनाचं शेपूट लावलं.
मला हसूच आलं.
पुरे म्हणणं हे आनंदाचं काम आहे
असं आमच्याकडे कुणी बोललंच नव्हतं.

कुंभातल्या साधूंच्या चिलमीचं मी विचारलं.
"दार तेच," त्या म्हणाल्या,
"पण धूर दार लोटून शिरतो, घरभर पथारी पसरतो.
आम्ही बाहेरून कुणाला बोलवत नाही.
घरातला जो लगेच उठून जातो
त्याला म्हणतो, बसा जरा, चहा घ्या."
त्याला उठवणारं एक एन्झाइम आहे.
त्याचे हात काही तास बांधायचे,
एवढाच डाव.

हा डाव ते माझ्यावर खेळतात,
किंवा खेळत नाहीत.
निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये नुसतं पीठ आहे,
कुणाच्या, ते त्यांनाही ठाऊक नाही.
एक सीलबंद पाकीट आहे म्हणे कुठल्याशा कपाटात.
मी रोज सकाळी एक गिळतो.
गिळायची सवय आहेच.

मखमलाबादला, हळदीच्या रात्री,
मंडपामागे कुणीतरी ग्लास पुढे केला.
आमच्याच वायनरीची पांढरी.
मी वास घेतला. खोटं कशाला सांगू,
दोनदा घेतला.
आणि किती वर्षांनी,
कच्चा पेरू!
मोठ्याने म्हणालो मी, पोरं हसली.
मग माझा हात ग्लासवर आडवा गेला.
रेणूमुळे गेला, की पिठामुळे,
की कुमुद जनरेटरपाशी उभी राहून बघत होती म्हणून,
त्या पाकिटाला विचारा.
दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र
मी बाथरूमची कडी लावून तासभर थरथरत होतो,
हेही लिहून घ्या म्हटलं. त्यांनी घेतलं.

"हं, सांगा आता."
पेन. मांजर. किल्ली. रविवार.
त्या थांबतात. भिंतीवरचं घड्याळ थांबत नाही.
चार, असं लिहून पेनाला टोपण लावतात.
मागच्या महिन्यात तीन होते, असंही म्हणतात,
पण तोवर मी चपला शोधत असतो.

बस निमाणीला वळते.
शेजारी एक बाई, मांडीवर मेथीची पिशवी,
तिचा माझा काही संबंध नाही.
"उंबर," मी तिला सांगतो.
ती पिशवी जवळ ओढते
आणि खिडकीकडे जरा सरकून बसते.