फणीचं घर

वीज गेली की आमच्या गल्लीला स्वतःचा आवाज ऐकू यायचा.
अशोक चौकापासून आमच्या दारापर्यंतचे सगळे माग
एका दमात गप्प.
मग कुठंतरी भांडं पडायचं,
कुणाचं तान्हं रडायचं,
अम्माच्या सुपात विडीची पानं सळसळायची.

त्या शुक्रवारी दुपारी एकला गेली ती गेलीच.
पत्रा तापून टिकटिकत होता.
मी फरशीवर पालथी,
कोपराखाली आलेखाचा कागद, त्यावर घामाचा डाग.
होटकरबाईंनी घातलेलं गणित :
वाय बरोबर दोन एक्स अधिक तीन,
हिला समांतर, आणि चार-एक या बिंदूतून जाणारी
रेषा शोधा.

समांतर म्हणजे चढ तोच.
दोनाला हात लावायचा नाही.
तीन सोडून द्यायचे, त्या जागी अनोळखी सी,
मग बिंदू आत घालायचा :
एक बरोबर आठ अधिक सी.
सात, मी म्हटलं,
आणि गुण्या सरकवत रेष मारली.
सुबक. खाली दोनदा अधोरेखित केलेलं उत्तर.

नान्ना बंद मागापाशी बसून कंटाळले असणार.
आले. भुवयांवर सुताचं तूस,
शिक्षण तेलुगू शाळेत चौथीपर्यंत.
कागद त्यांनी हातभर लांब धरला,
उजेडाकडं,
टॉवेल धरतात तसा.

"कादु," म्हणाले.
"जोडी झक्कास आहे, अंतर कुठंच हललं नाही.
पण ठिपका हितं बसलाय एकटाच
आणि धागा गेला तिकडनं.
फणीचं घर चुकलं, पोरी."

मी पुन्हा मांडलं.
आठातून एकावर यायचं तर सात उतरावे लागतात,
चढावे लागत नाहीत.
उणे सात.
शून्याच्याही खाली, सात घरं.

आनंद वगैरे काही झाला नाही मला.
रागच आला खरं तर,
सी म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसानं
नुसत्या नजरेनं चूक धरली म्हणून.
मी खोडरबर घासत राहिले, कागद फाटेस्तोवर.
ते सांगत होते, मला की स्वतःला कोण जाणे :
दोन हजार धाग्यांत एक जरी शेजारच्या घरात शिरला
तरी थानभर रेघ उमटते.
धुतली तरी जात नाही.
मुकादम पैसे कापतो ते वेगळंच.

मग उकिडवे बसले,
दोन्ही रेषांवरून नख फिरवत
वरच्या कडेपर्यंत गेले, कागदाबाहेर, फरशीवर,
अम्माच्या सुपापर्यंत.
"ह्या कधीच भेटत नाहीत?"
"कधीच नाही, नान्ना. व्याख्याच आहे तशी."
"मग कापड कसं…"

तेवढ्यात दिवा लागला.
पहिला माग पलीकडच्या येमूलांचा, मग आमचा,
मग सगळी गल्ली खटाखट.
"ते लंब रेषांच्या धड्यात आहे," मी ओरडून सांगितलं,
"तो अजून झाला नाही!"

धोटा सोडता सोडता
त्यांनी मान हलवली,
ऐकू आल्यासारखी.