अंगठ्याचा खळगा

सावद्याच्या पतपेढीत, रोखपालाच्या जाळीमागे
मी चोवीस वर्षं बसलेली आहे.
कमरेपासून वर मला सगळं गाव ओळखतं.
खालचं टेबलाला माहीत.

वर नोटा मोजल्या जायच्या,
खाली पाय चपलेतून निघून
फरशीवरची गार जागा शोधत सरकायचे.
संध्याकाळी चपला मापात बसायच्या नाहीत.
पैंजण मुलीच्या बारावीच्या वर्षीच काढून ठेवले,
घोट्याभोवती त्यांचा वळ राहायचा.
मी म्हणायची, वय आहे. उन्हाळा आहे.
उन्हाळा तर आमच्याकडे असतोच.

आमचा शिपाई सुपडू तायडे.
केळी ग्रुप, पोस्ट, जिल्हा बँक, परत पोस्ट,
त्याच्या पोटऱ्या सुंभासारख्या वळलेल्या.
म्हणायचा, "वैनी, बसेल माणसाचं पाणी खाली उतरतं.
उठत जा वं जरा."
मी त्याला चहा सांगायला पाठवायची.

भुसावळची डॉक्टरीण माझ्या मुलीएवढी.
गुडघ्यामागचं निळं जाळं तिनं बोटानं चाचपलं.
म्हणाली, हृदय रक्त खाली सोडतं,
वर चढवायचं काम पोटरीचं.
पोटरी आवळली की रक्त एक पायरी चढतं
आणि शिरेतली झडप मागून दार लावून घेते.
"तुमची पोटरी, काकू, दहा ते पाच संपावर आहे."

ह्यांचं आयुष्य केळीच्या बागांत ठिबक जोडण्यात गेलं.
त्यांना लगेच कळलं.
"मोटर बंद, नळी उताराला.
शेवटच्या खोडाशी चिखल होणारच."
एकतीस वर्षांच्या संसारात
माझ्या पायांवर त्यांनी बोललेलं हे पहिलं वाक्य.
मग घोट्याच्या वर अंगठा दाबला, उचलला.
खळगा राहिला.
दोघंही बघत बसलो.
अकरा मोजेपर्यंत भरला.

एप्रिलअखेर सुपडू रिटायर झाला.
शाल, श्रीफळ घेतलं आणि भरभर जिना उतरून गेला.
नवा शिपाई काही भरला नाही.
व्हाउचरच्या फायली वरच्या मजल्यावर,
एकवीस पायऱ्या.

पहिल्या दिवशी कठडा धरून चढले.
खाली कुणीतरी जाळीत तोंड घालून ओरडलं,
"मॅडम कुठी गेल्या?"
"येते," म्हणाले, पण तेवढ्यालाही दम पुरला नाही.

आता तासाला एक फाईल आणते,
लागत नसली तरी.
बसले की टेबलाखाली टाचा उचलते, टेकवते,
शंभराच्या गड्डीला दहा वेळा.
एकदा नोटांऐवजी टाचाच मोजल्या,
शंभर रुपये पदरचे भरले.
भुसावळच्या फीपेक्षा स्वस्त.
डब्यातली कळण्याची भाकरी खिडकीशी उभ्यानं खाते;
बोंडे मॅनेजर म्हणतात, बसा ना,
खुर्ची रिकामी आहे.
असू दे.

मे महिन्यात सुपडू आला, विड्रॉलची स्लिप घेऊन.
मी जिन्यातून उतरत होते.
तो माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होता,
पायऱ्या संपेपर्यंत.
बोलला काही नाही.
मी त्याला बाकावर बसवलं
आणि चहा सांगायला कोपऱ्यापर्यंत
मीच गेले.
ऊन असं की डांबर चपलेला धरत होतं.

रात्री गच्चीवर, खाटेच्या पायथ्याला दोन गोधड्या दुमडून
त्यांवर पाय ठेवते, छातीपेक्षा उंच.
सातपुड्याकडून उशिरा जरा वारा येतो.
हे येतात, जवळ टेकतात,
न विचारता अंगठा दाबतात.

काल आठ झाले.
आज म्हणाले, सहा.
भरभर मोजलंत, मी म्हटलं.
परत दाबा.