पट्ट्याला बांधलेली चिठ्ठी

मिसेस टाल्टी,
रविवारी तुम्ही तिला न्यायला याल
तेव्हा मला बोलायला जमणार नाही,
म्हणून लिहून ठेवतो.

तीस वर्षं शाळेची बस चालवली किलरशला.
बोलणं सगळं मागच्या सीटांवर चालायचं,
मी आपला रस्त्याकडे बघत.
तेच इथं कामी आलं.
न बघता सोबत असणं मला आधीपासून येत होतं.

आली तेव्हा तिला नाव नव्हतं.
कानात गोंदलेली अक्षरं होती, हिरवी, पुसट,
गोणीवर असतात तशी.
चार वर्षं ती एका कापडी सशामागे धावली,
जो कधीच कुणाला सापडत नाही.
मग पाय लचकला.

जिना तिला ठाऊक नव्हता. काच ठाऊक नव्हती;
खिडकीतल्या बागेत जायला निघाली
आणि नाक आपटून मागे सरली,
जणू हवेनंच तिला मारलं.
एका रात्री मी कमरेचा पट्टा खुर्चीवर टाकला.
बकल वाजलं,
ती उभ्या जागी मुतली.
मी काही विचारलं नाही.
तेव्हापासून गॅलिस लावतो.
मॉरा असती तर हसून हसून खुर्चीत बसली असती.

पहिले एकोणीस दिवस ती वॉशिंग मशीनमागच्या फटीत.
कपडे मी हातानं धुतले.
रात्री फरशीवर बसायचो, तिच्याकडे पाठ करून,
आणि जुनं वेळापत्रक मोठ्यानं म्हणायचो:
सात वीस, कॅरिगाहोल्ट.
सात एकतीस, डूनाहा. तिथं हेनेसींची जुळी,
बूट हातात घेऊन धावत यायची.
सात चाळीस, क्वेरिन.
दर थांब्याला सॉसेजचा एक तुकडा
खांद्यावरून मागे.
सकाळी तुकडे नसायचे. उंदीर असतील, म्हणायचो.

विसाव्या रात्री, डूनाहाच्या जरा पुढे,
माझ्या कोपराला काहीतरी ओलं, गार लागलं.
मी बस थांबवली नाही.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं समजू नका.
मार्चमध्ये नव्या पोस्टमननं दार बडवलं,
आणि पुन्हा अकरा दिवस फट.
मी चिडलो, खरं सांगतो. तिच्यावर नाही,
पण राग कुणावरचा ते तिला कुठं कळतं,
तिला नुसता वास येतो.
बाहेर जाऊन पीट रचत बसलो
अंधारून येईपर्यंत.

एप्रिलात मागच्या शेतात एक खरा ससा निघाला.
ती ताठ. कान वर. दोरी मी दोन्ही हातांनी धरलेली.
तिनं सशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे:
आज पळायलाच हवं का?
मी म्हणालो, नको.
ससा त्याच्या वाटेनं गेला,
आम्ही चहाला घरी.

वाडग्याखाली रबराचा तुकडा ठेवा, खणखणाट नको.
वरून डोक्यावर हात नेऊ नका,
हनुवटीखालून चालेल, तिनं पुढं केली तर.
जिन्यावर चौथ्या पायरीला अडकते. ओढू नका.
तुम्ही पाचवीवर बसा, चहा घेऊन,
दोन कप होतील एवढा.
दातओठ दिसले तर घाबरू नका,
ते ती हसते. मलाही उशिरा कळलं.

नाव मी ठेवलं नाही.
दोन दिवसांच्या यजमानानं ठेवू नये म्हणतात,
जीव अडकतो.
मी नुसतं ‘अगं’ म्हणतो. ती येते.
तुम्ही हवं ते ठेवा,
फक्त पहिले काही दिवस ‘अगं’ही म्हणत राहा.

सोबत माझा बसवरचा कोट आहे. धुवू नका.
आणि एखाद्या रात्री वारा फारच आपटला, ती थरथरायला लागली,
तर तिच्याकडे पाठ करून फरशीवर बसा
आणि म्हणा: सात वीस, कॅरिगाहोल्ट.
पुढचे थांबे तिला पाठ आहेत.

फिन्टन हेहिर

ता. क.
वॉशिंग मशीन मी अजून
भिंतीला लावलेलं नाही.