समीकरण सात

बढतीचा अर्ज भरायला बसले आहे ताळगावच्या पठारावर.
पलीकडच्या खोलीत लेझरचा पंखा चालूच राहिलाय,
खिडकीतून सांताक्रूझच्या शेतांतला जळक्या गवताचा वास.

पहिला रकाना : एकूण प्रकाशने.
एकसष्ट.
मराठीत एक बरं आहे, प्रकाशन म्हटलं
की थोडा प्रकाश आपसूक आत येतो.
माझ्या विषयात तो मोजून घ्यावा लागतो.

दुसरा रकाना : संदर्भ.
अकराशे अठ्ठेचाळीस.
त्यातले त्र्याण्णव माझेच,
वाढप्याची पाठ वळताच स्वतःच्या पानात वाढून घेतलेले.
चारशे दोन एकट्या त्या आढाव्याचे,
जो मी अंगात ताप असताना तीन आठवड्यांत उरकला.
लोक तो पहिल्याच परिच्छेदात घेतात,
कंसात, तीन ते अकरा, अशा घोळक्यातून,
लग्नपत्रिकेत शेवटी 'व समस्त आप्तेष्ट' असतात तसा.

एच-निर्देशांक : सतरा.
म्हापशाला आईला समजावलं होतं एकदा,
सतरा निबंध असे, की प्रत्येकाची
निदान सतरा जणांनी कुठेतरी नोंद घेतली.
"आणि अठरावा?"
अठरावा दारात उभा आहे गं, त्याला दोन कमी पडतात.
"मग आत बोलाव की. उभा किती वेळ ठेवणार?"

यादीच्या तळाशी, शून्याच्या एक पायरी वर,
साडेचार पानांचा एक निबंध आहे, दोन हजार नऊचा :
शिंपल्यांच्या तावदानांतून उजेड कसा विखुरतो.
नमुने दिले होते रायबंदरच्या इनास मेस्तांनी.
मोडीत निघालेल्या चौकटींतून सोडवलेले, काठ झिजलेले,
कोपऱ्यांना चुन्याचे डाग,
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, मोजून चाळीस.
पैसे घेतले नाहीत.
एवढंच विचारलं,
"हातूंत म्हजें नांव येतलें मूं?"

आलं. ऋणनिर्देशात, शेवटच्या ओळीत : आय. मेस्त.
संपादकांना वाटलं, मेस्त हे आडनाव.
मेस्त म्हणजे सुतार, आडनाव बार्रेतो,
हे कळवायचं माझ्याकडून राहिलं.
राहिलं ते राहिलंच.

त्या निबंधाचा संदर्भ एकदाच दिला गेला.
टार्टूच्या कुणा विद्यार्थ्यानं, प्रबंधाच्या अठ्ठ्याऐंशीव्या पानावर,
तळटीपेत :
'चौथ्या पानावरच्या समीकरण सातमध्ये चिन्ह उलटं पडलं आहे.
पद्धत आम्ही वापरली. चांगली चालते.'

रात्री वही काढून ताळा केला.
उलटंच होतं. वजा हवं होतं.
आधी कानशिलं तापली,
मग हसू आलं, एकटीलाच, रिकाम्या प्रयोगशाळेत.
अकराशे अठ्ठेचाळीसांतला एकच माणूस
समीकरण सातपर्यंत चालत आला होता.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून रायबंदरला गेले, उगाच.
इनास रंधा मारत होते. कुठल्याशा हॉटेलाच्या बारचं काम.
चूक सापडली हे सांगितलं, लाजत.
त्यांनी फळीवरून तळवा फिरवला, एका जागी थांबवला,
म्हणाले, त्यानं हात फिरवून पाहिला म्हणून कळलं.
डोळ्यांनी गाठ दिसत नाही.

साडेचार वाजले होते.
त्यांच्या एकुलत्या जुन्या खिडकीत ऊन आलं.
ती तावदानं बाहेरचं काही दाखवत नाहीत,
ना फेरी, ना नदीतले कॅसिनो, ना चोडणचा काठ.
उजेड तेवढा आत घेतात
आणि तो आला कुठून, ते विसरून जातात.
याचं समीकरण माझ्याकडे आहे.
आता दुरुस्तही आहे.
नावाचं मात्र त्या दिवशीही बोलले नाही.

पोर्टल बारा वाजता बंद होतं. अकरा चाळीस.
ऋणनिर्देशाला रकाना नाही, चुकांनाही नाही.
शेवटी एक चौकोन आहे :
इतर उल्लेखनीय कामगिरी, पन्नास शब्दांत.

लिहिते :
समीकरण सात : वजा. ऋणनिर्देश : इनास बार्रेतो, सुतार.

सात शब्द झाले.
उरलेले त्रेचाळीस तसेच राहू देते.