दोर थकलाय

दुक्मच्या कोरड्या गोदीत
जहाज पोट उघडं टाकून पडलेलं,
आणि वॉकीटॉकीवर माझा आवाज:
घे. सोड. थांब. खाली. अजून खाली.
इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात शिकलेली ही भाषा.
तिथं 'कृपया' म्हणेपर्यंत
धोटा तोंडावर यायचा.

इसोगाई सर्वेक्षक. साधा पाना हवा असला
तरी आधी माफी मागतात,
मग विचारतात, पाना देणं
तुमच्याकडून मला मिळू शकणार नाही का?
वाक्याच्या शेपटाशी ते पोचेस्तोवर
मी पाना देऊन दुसरीकडं वळलेला.
त्यांच्याकडं म्हणे क्रियापदालाच
कमरेत वाकता येतं.

दसरिल वेल्डर, पायाकुंबुहचा, मिनांगकाबाऊ.
शुक्रवारी त्याच्या खोलीत रंदांग शिजतं,
आणि ढवळता ढवळता मोडक्या हिंदीत
तो मला बोलण्याच्या चार वाटा सांगतो:
वडीलधाऱ्यांशी चढणीची,
धाकट्यांशी उतरणीची,
बरोबरीच्यांशी सपाट,
आणि जावयाशी तिरकी,
उतारावरून आडवी जाते ना, तशी.
"मग मी कोण?"
"दर शुक्रवारी येऊन जेवतोस.
जावईच झालास की."
हसलो. आमच्यातही आहे, म्हटलं,
लेकी बोले सुने लागे.
पण ते घरात. क्रेनखाली नाही.

मंगळवार, साडेदहा, बेचाळीस डिग्री.
सुकाणू हवेत लटकलेलं.
खालून दसरिल म्हणाला,
"दोर आज थकल्यासारखा दिसतोय, नाही?"
मला वाटलं, उन्हाबद्दल बोलतोय.
मी म्हणालो: घे. वर. अजून वर.

आणि इसोगाई,
उघड्या दारातही परवानगी मागून उभे राहणारे इसोगाई,
ओरडले:
तोमारे!

मला जपानी येत नाही.
मी थांबलो. क्रेन थांबली.
दोराचा एक पीळ सुटून
बोटभर तारा फुलल्या होत्या,
ज्वारीच्या धाटाला कुणी दातांनी सोललं असावं तशा.

दुसऱ्या दिवशी इसोगाई हेल्मेट काढून समोर.
माफी मागायला आले होते.
आवाज चढला, म्हणून.
जीव वाचवणाऱ्याला काय म्हणतात
ते मला कुणी शिकवलंच नव्हतं;
'धन्यवाद' आमच्याकडं फक्त माईकवर.
"बसा की," म्हटलं,
आणि बसायला काहीच नव्हतं तिथं.

दसरिलला विचारलं, सरळ का नाही सांगितलंस?
काच खाली ओढत तो म्हणाला,
"सांगितलं होतं."

आज शुक्रवार. पातेलं मंद आचेवर.
"हल्ली तांदूळ फार लवकर संपतात,"
दसरिल भिंतीकडं बघत म्हणतो.
मी उठतो.
खिळ्यावरची पिशवी घेतो.