विहिरीची खोली, फुटांत

फ्रेस्नोच्या दक्षिणेला हायवे सोडला
की बदामाच्या बागा, कंगव्याने भांग पाडल्यासारख्या.
त्या संपतात तिथे बुनथावींची पाच एकरं,
भाड्याची.
गवती चहा, कारली, हातभर लांब चवळी
आणि कुंपणाला शेवगा.
तो पाहून मी पहिल्यांदा गाडी थांबवली होती,
कामासाठी नव्हे, आमटीसाठी.

आज कामासाठी.
क्लिपबोर्डवर फॉर्म, त्यावर छापलेला सरकारी गरुड.
पाण्याचा स्रोत.
विहिरीची खोली, फुटांत.
कोरडी पडल्याची तारीख.

तारखेपाशी बुनथावी हसतात.
आमचं दोघांचंही इंग्रजी उसनं,
त्यामुळे सावकाश बोलतात:
पाणी काही एका दिवसात जात नाही, बाई.
आधी पंप खोकतो.
मग चूळभर गढूळ, मग वाळू.
मग सेंगदाव तांदळाचं धुवण जपून ठेवायला लागते
आणि मला सांगत नाही.
तोवर पलीकडच्या बागेचा बोअर
हजार फूट खाली पोचलेला असतो.
यातली कुठली लिहू?

मी ‘ऑगस्ट’ लिहिते.

त्यांच्या भाषेत पाण्याला ‘नाम’ म्हणतात.
नदीच्या नावाआधीही नाम,
डोळ्यांतल्या पाण्यातही नाम.
माझ्या कानाला ते वेगळंच ऐकू येतं,
आणि मी गप्प राहते.

त्यांचं गाव नामाखाली आहे.
ते चौदा वर्षांचे असताना धरण झालं.
तेव्हाही एक माणूस आला होता, असाच फॉर्म घेऊन:
म्हशी किती, आंबे किती, घराचे खांब किती.
पिंपळावर राहणाऱ्यांचा रकाना नव्हता.
आजीने त्याला तीनदा विचारलं, त्यांना कुठे नेणार?
तो म्हणाला, पुढच्या खेपेला लिहू.

मोबदल्यात जमीन मिळाली, डोंगराकडे.
तिच्यात पेरूएवढे बॉम्ब झोपलेले.
म्हणून कुदळ ते अजून तिरकी घालतात,
वरवर, झोपलेल्याची चादर सारखी करावी तशी.
इथल्या भुसभुशीत मातीतसुद्धा.
बॉम्ब कुणाचे, ते मी विचारलं नाही.
क्लिपबोर्ड तेवढा उलटा धरला.

आता हे कुणाला सांगावं?
माझे वडील पाटबंधारे खात्यात मोजणीदार होते.
धरणाखाली जाणाऱ्या गावांत झाडांवर गेरूने आकडे टाकायचे.
चांगला माणूस. एका झाडाचीही खोटी नोंद केली नाही.
त्या वर्षी आमच्या घरी पाट्यांनी आंबे आले,
लोक प्रेमाने देत, म्हणायचे, साहेब, हा शेवटचा बहर.
मी सात वर्षांची. कोपरापर्यंत रस.
‘गावावर पाणी सोडलं’ हे वाक्य
मी तेव्हा सरळ अर्थाने ऐकलं होतं.
दुसरा अर्थ शाळेत कळला, वाक्प्रचारांच्या यादीत,
दोन गुणांसाठी.

बुनथावी विहिरीच्या पाइपचं झाकण काढतात,
मातीतला एक खडा पुसून आत सोडतात.
आम्ही दोघं वाकून ऐकतो.
बदामांवरून फवारणीचं यंत्र जातं.
सेंगदाव मांजरीला हाकलते.
खडा अजून जातोच आहे, असं मला वाटत राहतं.

शेवटचा रकाना: शेरा.
पेन थांबतं. शाई आहे त्यात.
पुढच्या खेपेला लिहीन, असं म्हणणार होते;
तोंडात आलेलं गिळलं.

निघताना सेंगदावने गाडीच्या काचेतून
शेवग्याच्या शेंगा आत सरकवल्या,
रबर लावून, ओल्या कागदात गुंडाळून.
नको म्हणायला ‘नाही’ हा शब्द त्यांच्याकडे असेलच,
मला माहीत नव्हता.

पाणी त्या कागदाला कुठून आणलं असेल?

शेंगा मांडीवर घेऊन निघाले.
किती होत्या, मोजल्या नाहीत.