उनपदेवला, काठवट घेऊन

जळगावच्या सराफ बाजारामागच्या गल्लीत
पहाटे साडेचारला गटार झाडते कौसाबाई.
कारागिरांच्या चटया, भट्टीची राख, हात धुतलेलं पाणी,
सगळं पोत्यात.
मग जाळणं, कुटणं, काठवटीत घोळणं,
पारा, फडकं,
आणि महिन्याकाठी जोंधळ्याएवढं काहीतरी
जे ती माझ्या प्रयोगशाळेत आणते
आणि माझ्या तराजूवर विश्वास ठेवत नाही.

पौषात म्हणाली, गुडघे धरलेत,
उनपदेवच्या पाण्यात बसायचंय.
अडावदपर्यंत एसटी, पुढे रिक्षा,
सातपुड्याच्या पायाशी गोमुखातून कढत धार.
वासानं तिनं नाक मुरडलं.
"तेजाबनी भट्टी शे का आठे?"

गंधक असेल, म्हटलं.
आणि शिकवणं सोडून बारा वर्षं झाली तरी
सुरू झालेच.

ऐक. सोनं कुणात मिसळत नाही.
ना पाण्यात, ना हवेत, ना साध्या तेजाबात.
पण खूप खाली, जिथे पाणी तीनशे अंशांवरही उकळू शकत नाही
कारण वर अख्ख्या डोंगराचं ओझं आहे,
तिथे गंधक त्याला दोन्ही बाजूंनी धरतो,
एक या काखेत, एक त्या काखेत,
जत्रेतून आजाऱ्याला न्यावं तसं.
टाकीभर पाण्यात तुझ्या नखाखालच्या मळाहूनही कमी.
सोबत गारही, विरघळलेली,
आपण दगड आहोत हे विसरलेली.

मग जमीन हलते. भेग पडते.
कुकरचं झाकण उडावं तसा दाब सुटतो,
पाणी फुटतं, गंधक वाफेबरोबर निघून जातो.
किंवा भेगेच्या भिंतीत त्याला लोखंड भेटतं
आणि तो तिथेच घर करतो:
पिवळं, चकचकीत, बाजारात कवडीमोल.
सोनं उरतं.
पाण्यात उभं राहायला त्याला आता कुणी नाही.
बसतं.
त्याच्यावर गार गोठते, भेग शिवली जाते,
खाली पुन्हा दाब साठतो,
टाका उसवतो.
असं किती वेळा, कोण मोजणार.
एकदा कोलारच्या दगडातल्या रेघा मोजायला बसले होते,
पांढरी, काळी, पांढरी;
एकशे चाळीसच्या पुढे डोळे गेले.

"आठला डोंगरमा बी?"
नाही, म्हटलं. हा थरावर थर ओतलेला काळा कातळ.
पोकळ्यांत स्फटिक सापडतील, गारगोट्या सापडतील.
सोनं नाही.
हे मी फार खात्रीनं सांगितलं.

ती उठली. पिशवीतून काठवट काढली
(मला वाटलं होतं, भाकरी आहेत)
आणि कुंडाच्या खालच्या अंगाला,
बायकांच्या अंघोळीचं पाणी जिथून जातं
त्या मोरीच्या वळणावर बसली.
सरळ पाण्यात नाही, वळणावरच.
ओंजळभर गाळ. एक हेलकावा, एक झटका.
साबणाचा फेस गेला, केसांची गुंतवळ गेली,
माती गेली, काळी रेती कडेला सरकली,
एक हिरवा मणी,
आणि मनगट थांबलं.

चमकीची फिरकी.
तिळाएवढी.

कसोटीचा दगड तिच्या कनवटीला असतोच.
घासली, रेघ उन्हात धरली.
"बावीस," म्हणाली.
मी तपासायला मागितली नाही.

बराच वेळ ती चिमटीत धरून
वाफेतल्या एकेका नाकाकडे बघत राहिली.
मग पुजाऱ्याकडे गेली,
काय बोलली ऐकू आलं नाही,
हात पदराला पुसत परत आली.

अडावदच्या रस्त्याला रिक्षा लागल्यावर म्हणाली,
ते गंधकाचं पुन्हा सांग.
पहिल्यापासून नको.
तो सोडून जातो ना,
तिथून.